पारोळ्याजवळ तुटलेली गाडी

गाडी गेटवर येऊन उभी राहिली की मी खुर्चीतून उठतो, बाहेर जातो आणि तिच्या पुढच्या टायरला हात लावतो. मगच माल काढायची चिठ्ठी फाडतो. धुळ्यातल्या या कारखान्यात माल रवाना करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हापासूनची ही सवय. ऑफिसातले लोक हसतात. एकानं तर विचारलं, "साहेब, गाडीच्या पाया पडता का?" मी त्याच्यावर असा खेकसलो की तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्या बिचाऱ्याची काय चूक? राग त्याचा नव्हता, माझा मलाच होता. तो का, हे मी घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी मूळचा भडगावचा, पण नोकरीला होतो जळगावच्या पूर्वेकडच्या एका गावात, केळी दिल्लीला पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे. काम सांगायला सोपं. धुळ्याच्या दलालाला ट्रंक कॉल लावायचा, मुंबईहून उत्तरेकडे रिकाम्या निघालेल्या गाड्या त्याच्याकडून मिळवायच्या, त्या आपल्या गावाकडे वळवायच्या आणि ज्या बागाइतदाराची पाळी असेल त्याला कापणीची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी मिळाली की टोळी बागेत शिरते, कोयते चालतात, घड बांधावर येतात. तिथं गाडी उभी असली पाहिजे. केळी झाडावर असते तोवर चार दिवस इकडे तिकडे चालतात. एकदा कोयता लागला की मग ती कोणाचं ऐकत नाही. वैशाखात तर मुळीच नाही.

माझ्याआधी हे काम एक म्हातारे मुनीम करायचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नानांचा एकच नियम होता: गाडीच्या टायरला हात लावल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही. खरोखर जायचे हो, धोतर सावरत, आणि हात लावून यायचे. फोनवर दलाल काय म्हणतो याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. मला हसू यायचं. त्यांच्या पद्धतीत गाडी अर्धा दिवस बांधावर ताटकळायची, ड्रायव्हर शिव्या घालायचा आणि पुढच्या खेपेला आमच्या गावाचं नाव काढायचा नाही. नाना थकून घरी बसले आणि मी सगळं बदललं. दलाल म्हणाला गाडी निघाली, की इकडे मी चिठ्ठी फाडायचो. गाडी पोहोचेपर्यंत घड तयार. शेठ खूश. मी तर काय, छाती काढून फिरत होतो.

हळूहळू माझी जीभ सैल सुटली. दलालाचा फोन लागला नसला तरी मी म्हणायला लागलो, निघाली. गाडी मिळायचीच कुठून ना कुठून, आज नाही तर उद्या सकाळी, आणि वेळ निभावून जायची. जुने बागाइतदार मला ओळखून होते. माझी चिठ्ठी ते खिशात घालायचे, पण कोयता लावायचे नाहीत. आधी एखाद्या माणसाला सडकेवर बघायला पाठवायचे. मला ते माहीत होतं, त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे, आणि सगळं हसतखेळत चाललं होतं. ज्याला हे माहीत नाही असं माणूस माझ्यासमोर आलंच नव्हतं.

मग अक्का आली. पस्तिशीची असेल, माझ्याहून थोडी मोठी. नवरा दीड वर्षापूर्वी गेलेला. त्यानं केळीची बाग लावायची ठरवली होती ती हिनं लावली, एकटीनं, खतपाणी सगळं स्वतः बघून. दिराला ती बाग आपल्या हाताखाली हवी होती. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मध्ये पडून ठरवलं होतं की पहिली कापणी हिनं एकटीनं करून दाखवावी. पहिली गाडी नीट दिल्लीला गेली तर बाग हिच्याकडे, नाहीतर दिराकडे. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. मलाही होती. ती वहीत नाव घालायला आली त्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "भाऊ, मन्ही बठ्ठी परीक्षा या एक गाडीवर शे." ती माहेरची पारोळ्याकडची, त्यामुळे तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी शे आणि 'सगळं'च्या जागी बठ्ठं यायचं. गावातल्या बायका त्यावरून तिला हसायच्या.

त्या सकाळी ती नऊच्या सुमारास ऑफिसात आली तेव्हा बाकावर चारपाच बागाइतदार चहा पीत बसले होते. तिच्यामागे टोळीचा मुकादम. तो म्हणाला, "आज कोयता लावायचा तर लावा, उद्यापासून चार दिवस माझी माणसं लग्नात." अक्कानं माझ्याकडे बघितलं. "भाऊ, गाडी येई ना?"

मी पहाटेपासून धुळ्याचा कॉल बुक करून बसलो होतो. लागला नव्हता. हे सांगायला काय लागत होतं? फोन लागला नाही, थांबा, एवढंच. पण बाकावरचा एक जण मिशीत हसत म्हणाला, "विचारा, विचारा. गाड्या आहेत का नुसत्या चिठ्ठ्याच आहेत बघा." बाकीचे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पॅड ओढलं, चिठ्ठी फाडली आणि तिच्या हातात दिली.

"गाडी धुळ्याहून निघाली अक्का. चारच्या आत तुमच्या बांधावर लागते की नाही बघा."

तिनं चिठ्ठी कपाळाला लावली. खरंच लावली. बाकावरच्या कोणीही तिला सांगितलं नाही की बाई, याची निघाली म्हणजे काही खरं नसतं. सगळे कपात बघत होते. त्यांना कशाला दोष देऊ, मीच टेबलामागे बसलो होतो.

बारा वाजता कॉल लागला. दलाल म्हणाला, "गाड्या सगळ्या नाशिककडे कांद्याला गेल्या. उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे काही मागू नका." मी ओरडलो, त्याच्या हातापाया पडलो, पण गाडी काय फोनमधून बाहेर येते?

आता जे सांगतो ते सांगायलाच हा सगळा खटाटोप आहे. त्या वेळी बारा वाजले होते. टोळी दहाला बागेत शिरली होती, म्हणजे निम्मी बाग अजून उभी होती. सायकलवर टांग मारली असती तर मी दहा मिनिटांत तिथं होतो. "कोयता थांबवा" एवढे दोन शब्द बोलायचे होते. गाडी त्या दिवशी गेली नसतीच, पण निम्मे घड झाडावर राहिले असते, आबांसमोर सांगता आलं असतं की चूक ऑफिसची झाली. मी उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो. मग तो बाकावरचा मिशीवाला आठवला, मुकादम आठवला, तिनं कपाळाला लावलेली चिठ्ठी आठवली. मी परत येऊन बसलो आणि डबा उघडून जेवलो. लाज वाटते सांगायला, पण भेंडीची भाजी होती हेसुद्धा मला आठवतं.

चारला मात्र जावंच लागलं. बांधावरच्या निंबाखाली घडांची रास लागली होती, वर केळीची पानं पांघरलेली. गाडी उभी करायला तिनं सडकेकडेची जागा झाडून घेतली होती, दगड वेचून बाजूला टाकले होते. निंबाच्या बुंध्याशी पाण्यानं भरलेला माठ, त्यावर पालथा पेला. ड्रायव्हरसाठी, म्हणाली.

मी सायकलवरून उतरायच्या आतच माझं तोंड सुटलं. "अक्का, घात झाला. आत्ताच फोन आला. गाडी पारोळ्याजवळ तुटली. एक्सलच गेला."

पारोळा कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे. धुळ्याहून येताना वाटेत आहे म्हणून आलं असेल. तिचं माहेर पारोळ्याकडचं हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला एवढं भान ठेवता आलं पाहिजे, तेही मला जमलं नाही.

तिनं राशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता रडेल, नाहीतर बोलेल काहीतरी. ती म्हणाली, "ड्रायव्हर बरा शे ना? लागनं तर नही त्याले?"

मी म्हणालो, "नाही, नाही, तो बरा आहे. मी उद्या सकाळी स्वतः धुळ्याला जातो आणि दुसरी गाडी घेऊन येतो." तेवढं मात्र मी मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी. स्टँडवर उभा होतो तर ती लगबगीनं आली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. "भाऊ, तुम्ही त्याच रस्त्यानं जाशात. भाकरी बांधेल शे. उन्हामा बठेल व्हई बिचारा, गाडी सोडी कोठे जाई? त्याले देजा." मी गाठोडं घेतलं. गरम होतं. मग ती म्हणाली की तिचा भाऊ पारोळ्यालाच राहतो, काल संध्याकाळीच तिनं कंडक्टरकडे त्याला निरोप दिलाय, गाडी ओढायला बैल लागले तर ने, दोर लागला तर ने.

बस आली, मी चढलो आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. ती बस हलेपर्यंत पदर डोक्यावर ओढून उन्हात उभी होती.

जळगाव गेलं, एरंडोल गेलं. आणि काय सांगू, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. कुठे तुटलेली गाडी दिसते का म्हणून! माझ्याच थापेतली गाडी मी शोधत होतो. एक तरी गाडी बंद पडलेली असावी, कोणाचीही, असं मनात आलं. रस्ता मोकळा होता. पारोळ्याच्या अलीकडे एक सायकलवाला दिसला. टोपी घातलेला, घामानं भिजलेला, कॅरियरला जाड दोराचं वेटोळं. तो हळूहळू सायकल मारत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत चालला होता. मी तोंड फिरवलं. दोर काय, शेतकऱ्याच्या सायकलला असतोच, असं मी माझं मलाच समजावलं आणि डोळे मिटून घेतले.

धुळ्यात दलालाच्या ऑफिसात मी दुपारपर्यंत बसून होतो. गाडी येतेय, येतेय. माझीच भाषा मला कोणीतरी ऐकवत होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन वाजता मी बाहेर झाडाखाली गेलो आणि ते गाठोडं सोडलं.

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या. शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरीचं लोणचं, पुरचुंडीत थोडा गूळ. दोन माणसांना पुरेल एवढं. मी आधी म्हणालो, एखादी खाऊ, बाकीचं समोरच्या हमालांना देऊ. एक खाल्ली, मग दुसरी. सगळं संपवलं मी. गूळसुद्धा. वर नळाचं पाणी प्यालो आणि फडकं झटकून खिशात ठेवलं. खाताना मला लाज वाटत नव्हती, हीच तर खरी लाजेची गोष्ट आहे. खाताना मला फक्त भूक होती.

गाडी संध्याकाळी मिळाली, ड्रायव्हर म्हणाला पहाटे निघू. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी केबिनमध्ये बसून अक्काच्या बांधावर आलो. झाडून ठेवलेल्या जागेवरच गाडी लावली. आबा, दीर, मुकादम, शेजारचे सगळे जमलेले. ड्रायव्हर सरदारजी होता, जुना माणूस. त्यानं पानं बाजूला केली, दोनचार केळी अंगठ्यानं दाबली, देठ बघितले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "भाईसाब, ये दिल्ली नहीं पहुँचेगा."

घड वरून पिवळे पडायला लागले होते. आतले उबेनं मऊ झालेले. दोन दिवसांच्या झळांनी केळीचं काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दीर तिच्यावर तुटून पडला. "गाडी बघितल्याशिवाय कोयता लावलाच कसा? लहान पोर तरी लावेल का?" मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही. गाडी निघाली होती का खरंच? का नेहमीसारखीच थाप?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा काठी टेकवत पुढे आले. म्हातारा माणूस सरळ होता. म्हणाले, "तुम्ही सांगाल ते मी मानतो. चूक हिची की तुमची? तुमची असेल तर हिला अजून एक कापणी देतो."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. माझी नोकरीसुद्धा गेली नसती; फार तर शेठ चार शब्द बोलला असता, मिशीवाला महिनाभर हसला असता. मी म्हणालो, "निघाली होती आबा. तुटली वाटेत. याला कोण काय करणार?"

माझी जीभ झडली कशी नाही?

आणि ती, जिची बाग चालली होती ती, आबांना म्हणाली, "गाडी तुटनी आबा. त्यामा यास्ना काय दोष?"

मी सुटलो. मनातल्या मनात हुश्श म्हणालो. तिच्या भावाला निरोप मिळालाच नसणार, तो सायकलवाला दुसराच कोणीतरी असणार, हे माझं तिथल्या तिथं पक्कं झालं. आबांनी सावकाश सांगितलं की मग ठरल्याप्रमाणे बाग धाकट्याकडे. माल जामनेर, भुसावळकडच्या हातगाडीवाल्यांनी येऊन नेला तेवढा नेला, राहिलेला गुरांपुढे गेला. सरदारजीच्या गाडीला मी दुसऱ्याचा माल लावला, गाडी रिकामी घालवायची नव्हती.

लोक पांगले तेव्हा ती निंबाखाली माठ उचलायला आली. मी खिशातून फडकं काढून दिलं. तिनं ते हातावर पसरलं, घडी घातली आणि विचारलं, "ड्रायव्हर जेवना का?"

"जेवला ना. पोटभर जेवला. तुम्हाला दुवा देत होता."

"भाकर कडक व्हई गयी व्हई ना? लांबना रस्ता."

"नाही अक्का. मऊ होती."

ती "बरं" म्हणाली, माठातलं पाणी निंबाच्या आळ्यात ओतलं आणि गेली. पुढच्या हंगामात त्या बागेची चिठ्ठी मी दिराच्या नावानं फाडली. तिला नंतर पाहिलं ते दुसऱ्यांच्या बागेत घड वाहताना, डोक्यावर चुंबळ घेऊन. मी सायकल दुसऱ्या वाटेनं घातली. वर्षभरात ती नोकरी सोडून मी धुळ्याला आलो. सगळ्यांना सांगितलं, पगार बरा आहे.

सात-आठ वर्षांनी धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर मी बसची वाट बघत होतो. शेजारी एक टोपीवाला माणूस येऊन बसला. बोलता बोलता कुठले, काय करता, असं निघालं. मी म्हणालो, पूर्वी तिकडे केळीच्या गाड्या लावायचो. त्यानं गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

तो अक्काचा भाऊ होता. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सरळ सांगितलं की निरोप त्याला पहाटेच मिळाला होता. कॅरियरला दोर बांधून तो पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत गेला, ढाब्याढाब्यावर विचारत आला, गाडी कुठेच नव्हती. त्याच संध्याकाळी एस.टी.नं बहिणीकडे गेला आणि तिला सगळं सांगितलं.

"त्याच संध्याकाळी?" मी विचारलं.

"हो. मी म्हणालो, चल, आबांना सांगतो. ती म्हणाली, नको. आता सांगितलं तर म्हणतील, बघा, हिला कोणीही येऊन फसवून जातं. बाग तशीही जाणार, वर हसू कशाला करून घेऊ?" त्याची बस लागली. उठता उठता तो म्हणाला, "पण तुम्ही आबांना खरं सांगाल असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मला तसं म्हणाली होती. एवढी भाकरी घेऊन गेलाय, म्हणाली, माणूस आहे."

तो गेला. मी तिथंच बसून राहिलो. माझी बसही आली आणि गेली.

म्हणजे निंबाखाली फडक्याची घडी घालताना तिला माहीत होतं. गाडी नव्हती हे माहीत होतं, म्हणून ड्रायव्हर नव्हता हेही, आणि भाकरी कोणी खाल्ली हेही. तरी तिनं विचारलं, कडक झाली होती का. आणि मी म्हणालो, मऊ होती. त्या तीन दिवसांत मी त्या बाईशी खरं बोललो ते एवढंच.